दत्तक भाऊ येणार आहे पण कधी ते माहीत नाही, सात वर्षांच्या मुलीला कसं सांभाळायचं?

ओहायोची_मेघा
नमस्कार मंडळी, एरवी वाचनमात्र असते, आज मदत हवीये म्हणून धागा काढतेय, थोडा लांबणार आहे.

आम्ही दोघं आता इथले, म्हणजे अमेरिकेचे सिटिझन, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) आहे. लेक सात वर्षांची, तिला इथे रावी म्हणते. दुसरं मूल दत्तक घ्यायचं हे आमचं लग्नाआधीपासून ठरलेलं (मुद्दाम लिहितेय, कारण पहिला प्रश्न तोच येतो). कारावर (दत्तकाचं काम बघणारी भारत सरकारची संस्था) नोंदणी झाली, होम स्टडी (सोशल वर्कर घरी येऊन पाहणी करते ती) झाली, इथल्या इमिग्रेशनचा आय-८००ए (आम्ही दत्तक घ्यायला योग्य आहोत का, याचा अर्ज) मंजूर झाला, मग जी काही वाट बघणं सुरू झालं ते झालंच, मधे त्या मंजुरीची १५ महिन्यांची मुदत संपत आली म्हणून परत बोटांचे ठसे, होम स्टडी परत अपडेट. आता शेवटी एका मुलाचं रेफरल (त्याची माहिती आणि घ्याल का अशी विचारणा) आलं आणि आम्ही स्वीकारलं. ओरिसातल्या एका संस्थेत आहे, चार वर्षांचा होईल. त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिणार नाही, ती त्याची माहिती आहे.

प्रश्न रावीचा आहे. सुरुवातीला बाई जाम खुशीत होत्या. होम स्टडीवाली सोशल वर्कर घरी आली तेव्हा तिच्याशीही वेगळं बोलली, आणि कागदपत्रांत घरातल्या पाच वर्षांवरच्या मुलाची संमती लागते तीही तिने स्वतःच्या हाताने लिहून दिली. त्यात लिहिलं होतं की भाऊ चालेल पण माझी खोली देणार नाही. सोशल वर्करने हसून तसंच फाइलला लावलं.

पण आता ती कंटाळलीये. तिच्या वर्गात दोन जणांना या वर्षात भावंडं झाली, त्यांच्या आयांची पोटं वाढताना तिने पाहिलीत, नऊ महिने झाले की बाळ येतं हे तिला पक्कं ठाऊक. आमच्याकडे पोटही नाही नि तारीखही नाही. रोज रात्री झोपताना विचारते आज ईमेल आली का. मागच्या आठवड्यात शाळेत कोणीतरी म्हणालं तुझा भाऊ खोटा आहे, घरी येऊन म्हणाली फोटो दे मला, दाखवते सगळ्यांना. फोटो बाहेर दाखवायला परवानगी नाही म्हटल्यावर जी चिडली, म्हणे म्हणजे तो नाहीच आहे, तुम्ही मला खोटं सांगता. परवापासून ईमेलचंही विचारत नाही, आणि मला ते जास्त लागतंय.

साबा (सासूबाई) म्हणतात सांगायलाच नको होतं, विमानतळावरून आणल्यावर कळलं असतं. मला ते पटत नाही. पण किती सांगायचं, फोटोचं काय करायचं, भारतात जाताना तिला न्यायचं का, आणि तो आल्यावर पहिले काही आठवडे तिचं काय, यावर अनुभवी लोकांनी लिहा प्लीज.

नाशिकची_सई
मेघा, आधी अभिनंदन गं! आम्ही इथे भारतातूनच कारातर्फे मुलगी घेतली, मोठा लेक तेव्हा नऊचा होता. सांगायलाच नको होतं हे अजिबात पटत नाही, कारण संमती मुलाकडून घ्यायची आणि त्याला सांगायचंच नाही हे जमणार कसं? तारखेचं म्हणशील तर आम्ही तारीख हा शब्दच बंद केला होता घरात. भिंतीवर एक मोठा कागद लावला आणि त्यावर कागदपत्रांचे टप्पे लिहिले, एकेक झाला की लेक स्वतः त्याच्यावर रंग भरायचा. त्यात गंमत अशी की कधीकधी खूप दिवस काही रंगवायला नसायचं, पण मग निदान त्याला कळायचं की अडलंय ते कुठे अडलंय, आई खोटं बोलत नाहीये. रोज विचारायचा तो कागदाकडे बघायला लागला. अर्थात चिडायचाही, एकदा अख्खा कागद फाडला, परत लावला.

खट्याळ_काका
एक प्रामाणिक प्रश्न. स्वतःची मुलगी असताना हा खटाटोप कशाला? आणि ओरिसाचं मूल, भाषा वेगळी, जातपात काही माहीत नाही. उद्या मुलीचं लग्न करताना विचारतील लोक.

नाशिकची_सई
काका, मेघाने दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय की पहिला प्रश्न हाच येतो. तुम्ही तिला खोटं पाडलं नाहीत 😀

दुर्वांकुर
काका, रावी सात वर्षांची आहे, तिच्या लग्नाची बोलणी तुम्ही आत्ताच सुरू केलीत का? विषयावर लिहा नाहीतर राहू द्या.

सातपुडा
मेघाताई, मी पुण्यात दत्तक क्षेत्रात सोशल वर्कर म्हणून बरीच वर्षं काम केलं, आता निवृत्त. थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या मुलीला टप्पे सांगायचे तर ते आधी तुम्हाला नीट माहीत हवेत आणि बऱ्याच पालकांना ते एजन्सीच्या ईमेलमधून तुकड्यातुकड्याने कळतात.

तुम्ही मूल स्वीकारलंत, आता तुमच्याकडून आय-८००, म्हणजे या ठराविक मुलासाठीचा अर्ज, अमेरिकन इमिग्रेशनकडे जाईल. त्याची तात्पुरती मंजुरी आली की व्हिसाचा अर्ज, मग अमेरिकन दूतावास आर्टिकल पाचचं पत्र (अमेरिकेची या दत्तकाला संमती) देतं, ते कारापर्यंत पोचलं की कारा एनओसी (ना-हरकत पत्र) देतं. त्यानंतर संस्था जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. आधी हे काम कोर्टात चालायचं, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे प्रत्यक्षात सप्टेंबर २०२२ पासून, आदेश जिल्हाधिकारी काढतात, त्यासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. आदेश झाल्यावर जन्मदाखला, पासपोर्ट, काराचं कन्फर्मिटी सर्टिफिकेट (दत्तक आंतरराष्ट्रीय नियमांनुसार झालं असा दाखला), मेडिकल, व्हिसा. या प्रत्येक ठिकाणी वेगळं ऑफिस आणि वेगळं टेबल. उशीर होतो तो बहुधा कोणाच्या दुष्टपणाने नाही, एखादी सही बदली झालेल्या माणसाची असते आणि नवीन माणूस फाइल परत पहिल्यापासून वाचतो.

आणि ही काळजी उगाच नाही घेतलेली. एकेकाळी भारतातून मुलं परदेशी पाठवायला धड नियम नव्हते. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या न्या. भगवतींनी परदेशी दत्तकाची चौकट घालून दिली, पुढे १९९० मध्ये कारा आलं, २००३ मध्ये भारताने हेग करार (परदेशी दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) मान्य केला. मधल्या काळात पैशांचे आणि खोट्या कागदांचे गैरप्रकार झाले, आई-बापांना न विचारता मुलं गेली असंही उघड झालं. मूल दत्तक द्यायला कायद्याने खरंच मोकळं आहे का, देशात त्याला कोणी घर देतंय का, हे आधी बघायचं आणि मगच परदेश, असा क्रम आहे. २०२४-२५ मध्ये कारातर्फे ४,५१५ दत्तकं झाली त्यातली ४,१५५ देशातल्या देशात. परदेशी जातात ती बरीचशी थोडी मोठी किंवा काही ना काही वैद्यकीय गरज असलेली मुलं. हे सगळं सात वर्षांच्या मुलीला सांगायचं नाही, पण "कोणीतरी नीट तपासतंय की तो चुकून दुसऱ्या कुणाचा तर नाही ना" एवढं तिला नक्की कळेल. मुलांना न्यायाची गोष्ट लगेच कळते.

फोटोबद्दल. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मध्ये अशा मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. तेव्हा शाळेत नेऊ नका, व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकू नका, आजीच्या भिशी ग्रुपवर तर मुळीच नको. पण घरात रावीला बघायला द्या की. तिचा तो भाऊ आहे, तिच्यापासून लपवायचं काही नाही.

ओहायोची_मेघा
सातपुडा, खूप खूप धन्यवाद, एजन्सीने इतकं सरळ कधीच सांगितलं नव्हतं. फोटो ती बघते हो घरी, फ्रिजवर नाही लावला इतकंच, कारण मैत्रिणी येतात. तपासतायत हे सांगून बघते. सई, तुझा कागद आजच लावते.

काका, मी उत्तर देणार नव्हते पण रावीला विचारलं एका काकांना वाटतं भाऊ कशाला हवा, तर म्हणाली त्यांना सांग त्यांना नाही मिळणार.

टिवल्याबावल्या
=)) =)) रावी रॉक्स

चार्ल्स_किनारा
मी या गोष्टीत दुसऱ्या बाजूला होतो म्हणून लिहितो. माझी बहीण पुण्यातल्या एका संस्थेतून आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, आम्ही बॉस्टनला होतो, नव्वदचं दशक. तेव्हा परदेशी नागरिकांना कोर्टाकडून पालकत्व मिळायचं, १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली, आणि दत्तकाचं पुढचं काम इकडे येऊन करायचं. आईबाबांनी मला खूप सांगितलं होतं, बहीण येणार, तू दादा होणार, तिला खेळायला शिकव, तिच्यासाठी मी माझे लेगो वेगळे काढून ठेवले होते, दोन पिशव्या, आणि रोज रात्री आई मला तिच्या गोष्टी सांगायची ज्या खरं तर आईने मनाने बनवलेल्या होत्या, की तिला निळा रंग आवडत असेल, तिला माझ्यासारखंच डोसा आवडत असेल.

मग ती आली आणि तिने माझ्याकडे बघून किंचाळायला सुरुवात केली. तीन वर्षांची होती. मी जवळ गेलो की किंचाळायची. आईला सोडायची नाही, मी आईच्या मांडीवर हात ठेवला तरी माझा हात ढकलायची. लेगोला हात लावला नाही. मला कोणी सांगितलंच नव्हतं की ती घाबरलेली असेल, की तिच्या दृष्टीने आम्हीच अनोळखी माणसं, आणि ज्या मावशी तिला रोज जेवायला घालायच्या त्या एका दिवसात कायमच्या गेल्या. मला वाटलं मी काहीतरी चुकीचं केलंय. हे खूप वर्षं राहिलं मनात, मोठा झाल्यावर बोललो आईशी.

म्हणून मेघा, तिला खोटं चित्र देऊ नकोस. त्याला काय आवडत असेल ते माहीत नाही तर माहीत नाही म्हण. आणि हे आधीच सांग की तो पहिल्यांदा तुझ्याशी खेळणार नाही कदाचित, रडेल, तुला मारेलसुद्धा, आणि त्यात तुझा दोष नसेल. हे दहा वेळा सांग.

बहीण आता माझ्यापेक्षा जास्त बोलते, आणि लेगो तिने सगळे घेतले ते परत दिलेच नाहीत.

ओहायोची_मेघा
हे वाचून रडले. आम्ही तेच करत होतो हो, "त्याला डायनासोर आवडत असतील" वगैरे. रिपोर्टमध्ये तर असलं काहीच नाहीये.

कृष्णाकाठ_डॉक
बालरोगतज्ज्ञ आहे, सांगलीत प्रॅक्टिस. वैद्यकीय भाग थोडक्यात. एमईआर म्हणजे तिकडची तपासणी वाचून इथे पूर्ण चित्र कळतंच असं नाही, वजन उंची डोक्याचा घेर यांचे आधीचे आकडे मिळतात का बघा, एका दिवसाच्या आकड्यापेक्षा वाढ कशी होतेय ते महत्त्वाचं. अमेरिकेत मोठ्या बाल रुग्णालयांत दत्तक मुलांसाठी वेगळी क्लिनिक असतात, तिथे आल्या आल्या दाखवा. टीबी, हेपॅटायटिस बी, हिमोग्लोबिन, जंत, लसीकरण परत तपासणं, ऐकू येतं का, दात.

आता रावीच्या कामाचं. संस्थेतून आलेली मुलं बरेचदा जेवण साठवतात, उशीखाली पोळी सापडते, ताटातलं भराभर संपवतात. काही जण अंधारात झोपत नाहीत कारण त्यांना दहा-बारा जणांच्या खोलीत दिवा लावून झोपायची सवय असते. काही मुलं रडतच नाहीत, पडली तरी. हे सगळं रावी बघणार आणि ती विचारणार हा असा का करतो. तिला आधी सांगा म्हणजे ती त्याला हसणार नाही, किंवा हसली तरी तिला कारण माहीत असेल. आणि हो, ती स्वतः परत लहान होईल, अंथरूण ओलं करेल, भरवून मागेल. भरवा. रागवू नका, निघून जातं.

हिरवा_पत्ता
प्रश्न थोडा बाजूचा आहे. आम्ही न्यू जर्सीत, ग्रीन कार्डवर, दोघांचे पासपोर्ट भारतीयच. आमचंही असं मनात आहे. एनआरआय म्हणून कारात भारतात राहणाऱ्यांच्या बरोबरीने धरतात असं वाचलं, मग आम्हाला सोपं जाईल का?

सातपुडा
कारात प्राधान्याच्या बाबतीत एनआरआय हे भारतात राहणाऱ्यांच्या बरोबरीने, हे खरं. पण अडचण तिकडे आहे. हेगच्या वाटेने मूल अमेरिकेत न्यायचं तर आय-८००ए आणि आय-८०० करणारा अमेरिकन नागरिकच लागतो, ग्रीन कार्डवाल्याला ते करता येत नाही. इमिग्रेशनच्या चांगल्या वकिलाला आधी भेटा, मूल स्वीकारून बसलात आणि मग कळलं तर फार वाईट होतं, मुलाचंही. वयाचंही बघून ठेवा, चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज शंभरच्या आत लागते.

हिरवा_पत्ता
ओह. हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद सर.

आर्या_इन_बे
माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, समजून घ्या. मी दत्तक आहे, महाराष्ट्रातूनच, पाच वर्षांची असताना इकडे आले, घरी माझा मोठा भाऊ होता, आईबाबा मराठी. मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत.

एक, रावीला "आपण त्याला चांगलं आयुष्य देणार आहोत" असं सांगू नका प्लीज. माझ्या भावाला सांगितलं होतं आणि तो मला भांडणात म्हणायचा, आम्ही तुला आणलं नसतं तर तू कुठे असतीस. तो आठ वर्षांचा होता, त्याला काय कळतंय, घरात जे ऐकलं तेच तो बोलला. मी आजही कोणी दत्तक घेतल्यावर "किती पुण्याचं काम" असं म्हटलं की उठून जाते. मूल हवं होतं म्हणून घेतलं. बस.

दुसरं, त्याचं नाव बदलू नका शक्यतो. घरात सगळ्यांना सोपं पडतं म्हणून माझं बदललं. जुन्या नावाने मला कोणी हाक मारत नाही आणि मला ती हाक ऐकायची असते कधीकधी.

आणि भाषा. मी मराठी बोलणाऱ्या घरात आले म्हणून माझं मराठी टिकलं, माझ्या ओळखीची केरळातून आलेली मुलगी गोऱ्या घरात गेली, काही महिन्यांत तिची मल्याळम गेली, पूर्ण. ओरिसाचा आहे तर थोडं उडिया शिका. रावीलाही शिकवा, तिला करायला काहीतरी मिळेल.

ओहायोची_मेघा
आर्या, तू लिहिलंस म्हणून फार बरं वाटलं, आणि मराठी अजिबात कच्चं नाही. नाव बदलणार नाही आहोत, आमचं ठरलंय. बारसं मात्र साबांना करायचंच आहे, त्यांना सांगितलं नाव तेच ठेवून करा, तर म्हणे मग बारशाला काय अर्थ. सध्या तह चालू आहे.

उडिया सुरू केलंय! इथे कोलंबसमध्ये एक उडिया कुटुंब ओळखीचं निघालं, त्यांच्या काकी रविवारी येतात. पाणी आणि भात तसेच आहेत म्हणून रावी जाम खूश, म्हणे निम्मं तर आलंच मला. मोठ्या बहिणीला अपा म्हणतात, आता ती बाबाला पण अपा म्हणायला लावते.

सातपुडा
आता एक काम सांगतो रावीसाठी, हे खरोखरचं काम आहे, मन रमवायचं नाही. तिकडच्या मुलालाही तयार करावं लागतं. एजन्सीला विचारून घरच्यांचा एक छोटा अल्बम संस्थेत पाठवा. जाड पानं, एका पानावर एकच फोटो, मोठा. आई, बाबा, अपा, घराचं दार, त्याचा पलंग, कुत्रं-मांजर असेल तर ते. चेहरे जवळून. तिथल्या मावशी रोज दाखवतात, ही आई, हे बाबा. चांगल्या संस्था हे मनापासून करतात. सोबत रावीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, उडियात चार वाक्यं. आणि एक वापरलेला मऊ कपडा किंवा छोटी चादर, ज्याला घरचा वास आहे.

हे रावीने करावं, तुम्ही करू नका. फोटो वाकडे चिकटले तरी चालतील.

माजघर
आजी लोकांच्या बाजूने जरा बोलते, मी त्यांच्या वयाची आहे. साबा म्हणतात सांगायला नको होतं त्यामागे भीती असते हो. आमच्या वेळी घरात मूल दत्तक घेतलं की गाव बदलायचे लोक, मुलाला तर लग्नापर्यंत सांगायचे नाहीत, कोणी शेजारणीने सांगितलं की मग आकाश कोसळायचं. त्यांना वाटतं नातीला दुखू नये. त्यांना घ्या ना या अल्बमात, आजीचा फोटो टाका मोठा, नऊवारीतला. त्यांनाच म्हणा आजी, उडियात काय म्हणायचं ते तुम्हीपण शिका.

ओहायोची_मेघा
माजघर काकू 🙏 केलं. साबांनी फोटोसाठी ठेवणीतली पैठणी काढली आणि आता विचारतात तिकडे तो भात किती वेळा खातो.

चार्ल्स_किनारा
नेणार आहात का रावीला बरोबर? मला नेलं नव्हतं, काकाकडे ठेवलं होतं, तो राग मला वेगळाच होता.

नाशिकची_सई
मी म्हणेन ने. संस्था बघितली की मुलांना कळतं हा कुठून आला, नंतर सांगून नाही कळत.

कृष्णाकाठ_डॉक
मी म्हणेन विचार करा. पहिले काही दिवस त्या मुलाला दोनच माणसं ओळखायची असतात, जेवण, आंघोळ, झोपवणं सगळं आई किंवा बाबांनीच करायचं, बाकी कोणी उचलूनही घ्यायचं नाही असं सांगतात. त्यात हॉटेल, दिल्लीची मेडिकल, व्हिसा, जेटलॅग. सात वर्षांचं पोर कंटाळेल आणि आजारी पडलं तर तुमचे हात किती पुरणार? शिवाय तारखा पुढे गेल्या तर तिची शाळा.

चार्ल्स_किनारा
डॉक, मुद्दा पटतो, पण घरी ठेवलं तर ती असा विचार करते की कुटुंब बनलं तेव्हा मी नव्हतेच.

आर्या_इन_बे
माझा भाऊ आला होता. मला संस्थेतलं फार आठवत नाही पण त्याला आठवतं. झोपाळा कुठे होता, मला कोणत्या ताईने कडेवर आणलं. मला विचारायला घरात कोणीतरी आहे.

ओहायोची_मेघा
अपडेट द्यायला उशीर झाला. एनओसी आली, मग आदेशही झाला, भिंतीवरचा तो टप्पा रावीने सोनेरी रंगाने रंगवला आणि लगेच विचारलं मग विमान कधी, तर अजून पासपोर्ट राहिला होता, मग परत रुसवा. आता पासपोर्ट पण आलाय. तिकिटं काढली.

रावी येतेय. आर्याचं वाचून नवऱ्याचं मत फिरलं, तो आधी डॉकच्या बाजूने होता. डॉक, तुमचं पण ऐकलंय, माझी आई पुण्याहून भुवनेश्वरला येणार आहे, ती फक्त रावीसाठी, बाळाला कडेवर घ्यायचं नाही हे आईला मान्य करायला मला दोन फोन लागले. एक खोली आमची, शेजारची आजी-रावीची. रोज एक तास रावी आणि मी किंवा रावी आणि बाबा, बाकी कोणी नाही.

अल्बम पोचला. मावशींनी सांगितलं की तो अपाच्या पानावर बोट ठेवतो आणि आमच्या मांजराचं पान उलटूच देत नाही. रावीला सांगितलं, तर म्हणे माझ्यापेक्षा मांजर आवडतं का त्याला. म्हटलं माहीत नाही. चार्ल्स, माहीत नाही म्हणायला शिकले मी.

खोलीचा प्रश्न अजून तसाच आहे. संमतीपत्रात लिहिलंय ना, त्यामुळे त्याचा पलंग आमच्या खोलीत.

कृष्णाकाठ_डॉक
तसाही पहिले काही महिने तिथेच हवा. रावीने बरोबर सांगितलं होतं.

खट्याळ_काका
शुभेच्छा. मुलीला सांगा काकांना भाऊ नको होता असं नाही.

टिवल्याबावल्या
काका 😮 चक्क

सातपुडा
शुभेच्छा मेघाताई. एक शेवटचं काम लक्षात ठेवा, नाहीतर नंतर धावपळ होते. घरी आल्यावर फॉलोअप असतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, असे सहा रिपोर्ट. सोशल वर्कर परत घरी येईल आणि रावीशीही बोलेल. तिला त्या वेळी पढवून ठेवू नका. तिला भाऊ आवडत नसला तर ते तिने तसं सांगू द्या, त्याने तुमच्या फाइलला काही होत नाही, उलट मदत लवकर मिळते.

ओहायोची_मेघा
पढवणार कशी, ती मलाच पढवते. सामान भरून झालंय, बॅगेत अर्धी जागा तिच्या स्टिकरांनी घेतलीये. आता बाकीचं भुवनेश्वरहून लिहीन, नेट चाललं तर. हिरवा_पत्ता, तुमच्या व्हिसाच्या प्रश्नांसाठी वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल, मी परत आल्यावर तिथे लिहीन.

हिरवा_पत्ता
काढतो. सेफ जर्नी, रावीला आणि सगळ्यांना.